वाचकांचे प्रश्न : स्ट्रोब लावूनही चित्र दुहेरी का दिसते?

प्रश्न : माझा गेमिंग मॉनिटर २४ इंची, १९२० × १०८० पिक्सेलचा आणि १४४ हर्ट्झचा आहे. त्यातील ‘ब्लर रिडक्शन’ सुरू केल्यावर काउंटर-स्ट्राइक खेळताना पडद्याच्या मधल्या भागातले चित्र अगदी स्वच्छ दिसते, पण खालच्या भागात प्रत्येक वस्तूमागे तिचीच एक फिकट प्रतिमा दिसते. एका मित्राने रिफ्रेश रेट १२० वर आणून ‘व्हर्टिकल टोटल’ १३५० करायला सांगितले आहे. याने धूसरपणा कमी होतो का, आणि मॉनिटर बिघडण्याचा धोका आहे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मित्राचा सल्ला योग्य आहे, मात्र टायमिंग, म्हणजे चित्राच्या ओळी पडद्याकडे पाठवण्याचे वेळापत्रक, बदलल्याने धूसरपणा कमी होत नाही. ते काम बॅकलाइटची, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याची, उघडझाप करते. तिलाच स्ट्रोब म्हणतात, आणि ‘ब्लर रिडक्शन’मुळे आपल्याकडे ती आधीच सुरू आहे. टायमिंगमुळे कमी होते ती खालच्या भागातली दुहेरी प्रतिमा, जिला क्रॉसटॉक म्हणतात. या दोन दोषांची कारणे वेगळी असल्यामुळे ते आधी वेगळे ओळखणे आवश्यक आहे.

एलसीडी पडदा एक फ्रेम, म्हणजे एक पूर्ण चित्र, दाखवल्यानंतर पुढची येईपर्यंत तीच धरून ठेवतो, आणि आपला डोळा मात्र सरकत्या वस्तूचा पाठलाग करत सलग फिरत असतो. त्यामुळे पडद्यावर स्थिर असलेली फ्रेम दृष्टिपटलावर पसरत जाते. १२० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १२० फ्रेम दाखवताना, एक फ्रेम ८.३३ मिलिसेकंद टिकते. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने जाणारी वस्तू तेवढ्या वेळात ८ पिक्सेल सरकते, म्हणून तिची कडही साधारण ८ पिक्सेल पसरलेली भासते. बॅकलाइट यांपैकी केवळ १ मिलिसेकंद पेटवला आणि उरलेला वेळ विझवून ठेवला, तर हा पसारा जेमतेम १ पिक्सेलवर येतो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरवर हालचाल इतकी रेखीव दिसे, त्याचेही कारण हेच होते : तिथला प्रत्येक बिंदू क्षणभर उजळून लगेच विझत असे.

आता दुहेरी प्रतिमेकडे वळू. पडद्यावरचे चित्र एकाच वेळी बदलत नाही. ते वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने लिहिले जाते, आणि लिहून झाल्यावरही प्रत्येक पिक्सेलला नव्या रंगावर स्थिरावायला काही वेळ लागतो. खोक्यावर ‘१ मिलिसेकंद’ असे छापलेले असले, तरी तो आकडा सहसा सर्वांत सोयीच्या रंगबदलाचा असतो; अनेक बदलांना, विशेषतः व्हीए या प्रकारच्या एलसीडी पडद्यावरच्या गडद छटांना, त्याहून बराच अधिक वेळ लागतो. वरून खाली रंगवत आणलेल्या भिंतीवर काम संपताक्षणी दिवा लावावा, तसे येथे होते : वरचा भाग वाळलेला असतो आणि खालचा अजून ओला. बॅकलाइट पेटतो त्या क्षणी खालच्या ओळींत जुनी फ्रेम अर्धवट शिल्लक असते आणि तीच आपल्याला फिकट प्रतिमा म्हणून दिसते.

उपाय असा, की शेवटची ओळ लिहून झाल्यापासून पुढच्या फ्रेमची पहिली ओळ सुरू होईपर्यंतचा मोकळा वेळ वाढवायचा आणि बॅकलाइट त्या अवधीच्या अखेरीस पेटवायचा. ग्राफिक्स कार्ड दर फ्रेममध्ये दिसणाऱ्या १०८० ओळींखेरीज काही न दिसणाऱ्या ओळीही पाठवत असते. फ्रंट पोर्च, सिंक आणि बॅक पोर्च हे त्यांचे तीन भाग, आणि दिसणाऱ्या-न दिसणाऱ्या सर्व ओळींची बेरीज म्हणजे व्हर्टिकल टोटल. १२० हर्ट्झच्या नेहमीच्या रिड्यूस्ड ब्लँकिंग (अदृश्य भाग कमी ठेवणाऱ्या) टायमिंगमध्ये ही बेरीज ११४४ असते, म्हणजे अदृश्य ओळी ६४ आणि मोकळा वेळ अवघा ०.४७ मिलिसेकंद. बेरीज १३५० केली की अदृश्य ओळी २७० होतात आणि मोकळा वेळ १.६७ मिलिसेकंदांवर जातो. रिफ्रेश रेट १०० हर्ट्झवर आणून बेरीज १५०० केली, तर तो २.८ मिलिसेकंद होतो. रिफ्रेश रेट न बदलता केवळ बेरीज वाढवली, तर फ्रेमचा एकूण काळ तोच राहतो. दिसणाऱ्या ओळी मात्र अधिक वेगाने पाठवल्या जातात. याचा एक अनपेक्षित लाभही आहे : १२० हर्ट्झला शेवटची दृश्य ओळ पूर्वीपेक्षा सुमारे १.२ मिलिसेकंद आधी पोहोचते. एचडीएमआय २.१ मधील क्विक फ्रेम ट्रान्सपोर्ट ही सोय याच तत्त्वावर बेतलेली आहे.

मग १४४ हर्ट्झ का सोडायचे? कारण या जादा ओळींना तारेतून जायला जागा लागते. पिक्सेल क्लॉक, म्हणजे सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या पिक्सेलची संख्या, हा हॉरिझाँटल टोटल (एका ओळीतील दिसणाऱ्या-न दिसणाऱ्या पिक्सेलची बेरीज), व्हर्टिकल टोटल आणि रिफ्रेश रेट यांचा गुणाकार. हॉरिझाँटल टोटल २०८० धरले, तर १२० हर्ट्झ आणि ११४४ ओळींसाठी २८५.५ मेगाहर्ट्झ लागतात, १३५० ओळींसाठी सुमारे ३३७. ड्युअल-लिंक डीव्हीआय या जुन्या जोडणीची प्रमाणित मर्यादा ३३० मेगाहर्ट्झची आहे. त्या जोडणीवर १४४ हर्ट्झला ११०१ ओळीच मावतात, म्हणजे मोकळा वेळ जवळपास नाहीच. डिस्प्लेपोर्ट १.२ या नव्या जोडणीवर ही अडचण येत नाही, पण मॉनिटरची स्वतःची मर्यादा तिथेही राहतेच. माझे स्पष्ट मत असे, की स्ट्रोब वापरायचा असेल तर मॉनिटर त्याच्या कमाल रिफ्रेश रेटवर चालवू नये. १४४ हा आकडा जाहिरातीसाठी चांगला आहे. स्वच्छ चित्रासाठी १०० किंवा १२० अधिक चांगले.

कृती अवघड नाही. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कस्टम रिझोल्यूशन तयार करताना टायमिंगचा प्रकार मॅन्युअल निवडावा. फ्रंट पोर्च ३ आणि सिंक ५ असेच ठेवून केवळ व्हर्टिकल टोटल वाढवावे. जादा ओळी बॅक पोर्चमध्ये जातात. कार्ड एएमडीचे असल्यास ॲड्रेनालिन या त्यांच्या सॉफ्टवेअरमधील कस्टम रिझोल्यूशनचा भाग किंवा ‘कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी’ हे मोफत साधन वापरता येते. एकदम १३५० न टाकता ११४४ वरून पन्नास-पन्नास ओळींनी वर जावे, कारण काही मॉनिटर मध्येच एखादा आकडा नाकारतात. त्यानंतर स्ट्रोबची वेळ ठरवणारी सेटिंग, जिला बहुधा स्ट्रोब फेज म्हणतात, पुन्हा जुळवावी. अनेक जण ही पायरी विसरतात आणि काहीच फरक पडला नाही असे म्हणतात. ही सेटिंग काही मॉनिटरमध्ये मेनूतच असते, काहींत कंपनीच्या छुप्या सर्व्हिस मेनूत, आणि काहींत मुळीच नसते. टेस्ट-यूएफओ या संकेतस्थळावरील क्रॉसटॉकची चाचणी उघडी ठेवून दुहेरी प्रतिमा पडद्याच्या अगदी खालच्या कडेला किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत ही सेटिंग बदलत राहावी. सर्वच मॉनिटरना या युक्तीचा उपयोग होतो असे मात्र नाही : जे मॉनिटर आलेली फ्रेम आधी साठवून स्वतःच्या ठरलेल्या वेगाने पडद्यावर लिहितात, त्यांना बाहेरून बदललेल्या टायमिंगचा फारसा फरक पडत नाही.

धोक्याविषयी. चुकीच्या टायमिंगमुळे पिक्चर ट्यूबचे काही जुने मॉनिटर खरोखर बिघडत असत, आणि त्या भीतीचे अवशेष अजून उरले आहेत. आजचा एलसीडी मॉनिटर न पेलणारा संकेत आल्यास साधारणपणे ‘आउट ऑफ रेंज’ असा संदेश देतो किंवा काळा होतो. कंट्रोल पॅनेलमधून चाचणी घेतल्यास काही सेकंदांत जुनी स्थिती आपोआप परत येते. युटिलिटी वापरताना पडदा काळाच राहिला, तर विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून तिच्यासोबत येणारी रीसेटची फाइल चालवावी. ती फाइल कुठे ठेवली आहे हे आधीच पाहून ठेवणे बरे.

एक शेवटची अट : गेमच्या फ्रेम प्रत्येक सेकंदाला रिफ्रेश रेटइतक्याच आणि सलग मिळाल्या पाहिजेत. १२० हर्ट्झच्या स्ट्रोबवर ६० फ्रेमच मिळाल्या, तर प्रत्येक फ्रेम दोनदा उजळते आणि सर्व पडद्यावर दुहेरी कडा दिसतात. हा दोष कोणत्याही टायमिंगने जाणार नाही.

प्रश्न : माझ्या साध्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर टायमिंग बदलून धूसरपणा कमी होईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. ज्या मॉनिटरचा बॅकलाइट उघडझाप करत नाही, त्यावर फ्रेम पूर्ण १६.७ मिलिसेकंद दिसतच राहते. अदृश्य ओळी कितीही वाढवल्या तरी त्यात फरक पडत नाही. आपला मॉनिटर ७५ हर्ट्झ स्वीकारतो का, हे मात्र अवश्य पाहावे. तसे झाल्यास हा काळ १३.३ मिलिसेकंद होईल आणि धूसरपणा पाचव्या हिश्श्याने घटेल.

प्रश्न : स्ट्रोब लावल्यावर चित्र काळवंडते आणि तासाभरात डोके जड होते. हे टायमिंगमुळे आहे का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : काळवंडणे स्ट्रोबमुळेच आहे. १२० हर्ट्झला बॅकलाइट दर फ्रेममध्ये २ मिलिसेकंद पेटत असेल, तर तो केवळ २४ टक्के वेळ उजेड देतो. काही उत्पादक एलईडीला जादा प्रवाह देऊन ही तूट थोडी भरून काढतात. मेनूत पल्स विड्थची (दिवा दर फ्रेममध्ये किती वेळ पेटावा याची) सेटिंग असल्यास ती वाढवावी : उजेड वाढेल, त्याबरोबर धूसरपणाही वाढेल. डोके जड होण्याचे कारण बहुधा लुकलुकणे हे आहे. आपण १०० हर्ट्झ वापरत असाल, तर अदृश्य ओळी कमी होतील हे मान्य करूनही १२० वर जाऊन पाहावे, आणि त्रास तरीही टिकल्यास स्ट्रोब बंद करून फ्रीसिंक किंवा जी-सिंक (रिफ्रेश रेट गेमच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) वापरावे. बहुतेक मॉनिटरवर स्ट्रोब आणि ही सोय एकत्र चालत नाहीतच. लुकलुकत्या प्रकाशाने ज्यांना फिट येते, त्यांनी स्ट्रोब मुळीच लावू नये.