विकिरण सुरक्षेवर दोन दिवसांची राष्ट्रीय परिषद भरवायची आहे. निधी, वक्ते आणि कार्यक्रमपत्रिका यांची आखणी कशी करावी?

आपल्या प्रश्नात निधीची काळजी आहे, नामवंत वक्ते कसे मिळवावेत ही विचारणा आहे आणि कार्यक्रमपत्रिकेत किती सत्रे बसवावीत याचीही चौकशी आहे. मात्र सभागृहात समोर कोण बसणार, याचा उल्लेख कुठेच नाही. मी मिरजेतील एका रुग्णालयात विकिरण सुरक्षा अधिकारी, म्हणजे रोजच्या बोलण्यात आरएसओ, म्हणून काम करतो आणि काही वर्षांपूर्वी सांगलीत झालेल्या अशाच एका परिषदेच्या संयोजन समितीत होतो. तेथे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझे ज्या मुद्द्यावरून बिनसले, तो मुद्दा नेमका हाच होता. त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे, हे आधीच सांगतो.

निधीचे आधी उरकून घेऊ. अणुऊर्जा विभागाच्या बीआरएनएस या मंडळाकडून परिषदांना अनुदान मिळू शकते, पण अर्ज बराच आधी करावा लागतो. विकिरण संरक्षण क्षेत्रातील आयएआरपी ही संघटना १९६८ पासून आणि वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांची एएमपीआय ही संघटना १९७६ पासून आहे. यांपैकी एकीचा हात मिळाला तर वक्त्यांचा निम्मा प्रश्न सुटतो. डॉक्टर प्रतिनिधी हवे असतील तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडून क्रेडिट पॉइंट (नोंदणी चालू ठेवण्यासाठी डॉक्टरांना लागणारे गुण) मंजूर करून घ्यावेत, अन्यथा त्यांची गर्दी फक्त पत्रिकेवरच दिसेल. उरलेली रक्कम यंत्रे आणि विकिरण अडवणारे लेड, म्हणजे शिशाचे, अ‍ॅप्रन विकणाऱ्यांच्या स्टॉलमधून उभी राहते. स्टॉल जरूर द्यावेत, व्यासपीठ देऊ नये. जो विक्रेता हलक्या, बिनशिशाच्या अ‍ॅप्रनची तारीफ करील, त्याच्याकडे किती केव्हीला (एक्स-रे यंत्राच्या व्होल्टेजला) किती मिलिमीटर शिशाइतके संरक्षण मिळते याचा चाचणी अहवाल मागावा आणि तो स्टॉलवर टांगायला लावावा. आमच्याकडे ही अट घातल्यावर एका विक्रेत्याने स्टॉलच रद्द केला, आणि त्याचे मला जराही वाईट वाटले नाही.

आता मूळ मुद्दा. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत असे होते की, परिषद हा अभ्यासकांचा मेळावा आहे, एक्स-रे टेक्निशियनना तेथे बोलावून काही साधत नाही आणि मराठीत सत्र ठेवले तर ‘राष्ट्रीय’ या शब्दाला बाध येतो. पहिल्याच बैठकीत मी त्यांना हॅम्बुर्गच्या स्मारकाची आठवण करून दिली. १९३६ साली उभारलेले ते स्मारक क्ष-किरण आणि रेडियम यांच्यासोबत काम करताना प्राण गमावलेल्यांचे आहे, आणि ज्यांच्या स्मरणार्थ ते उभारले आहे त्यांत डॉक्टर व भौतिकशास्त्रज्ञ यांच्याबरोबर तंत्रज्ञ आणि परिचारिका यांचाही उल्लेख आहे. विकिरण मर्यादा सुचवणारी आयसीआरपी ही आंतरराष्ट्रीय समिती १९२८ मध्ये स्टॉकहोमला स्थापन झाली, ती यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्यांची बोटे झडू लागली होती म्हणून. ज्यांच्या इजेतून हे शास्त्र जन्माला आले, त्यांना सभागृहाच्या दाराबाहेर ठेवून त्या शास्त्राची परिषद भरवणे मला आजही हास्यास्पद वाटते. अखेर तडजोड झाली आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतरची वेळ, तीही शेजारच्या लहान सभागृहात, टेक्निशियनच्या मराठी सत्राला मिळाली. जेवणानंतरची वेळ कोणाला देतात, हे संयोजनातल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

पहिला दिवस उद्घाटनाने खाल्ला. प्रमुख पाहुणे उशिरा आले, दीपप्रज्वलन झाले, शाल-श्रीफळाची रांग लागली, प्रास्ताविकानंतर मनोगत आणि मनोगतानंतर शुभेच्छा अशी भाषणे झाली आणि बरोब्बर जेवणाच्या तोंडावर पहिल्या शास्त्रीय व्याख्यानाला वेळ मिळाला. ते व्याख्यान दिल्लीतील मायापुरीच्या घटनेवर होते. २०१० साली एका विद्यापीठाचे वापरातून गेलेले, कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी स्रोत असलेले उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले, भंगारवाल्यांनी ते फोडले, अनेकांना विकिरणाची बाधा झाली आणि त्यांतील एकाचा मृत्यू झाला. वक्त्यांनी कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्यांसाठी मुद्दाम वेगळा भाग तयार केला होता, कारण भट्टीत जाणाऱ्या भंगारात असा स्रोत मिसळला तर ओतलेला सगळा मालच किरणोत्सर्गी होऊ शकतो आणि तो दारातच पकडायचा असेल तर भंगाराची गाडी आत घेताना मोजमाप करावे लागते. मी खटपट करून फाउंड्रीतले काही सुपरवायझर आणले होते. नेमका तोच भाग वेळेअभावी गाळला गेला आणि ती माणसे दुपारी पाळी आहे म्हणून निघून गेली. उद्घाटन आवश्यकच असेल तर ते पहिल्या शास्त्रीय सत्रानंतर ठेवावे. पाहुणे उशिरा आले तरी मग कोणाचे काही बिघडत नाही.

नोंदणीच्या टेबलापाशी आम्ही जे ठेवले होते, ते मात्र जमले. ऊस किंवा द्राक्षे करणाऱ्या घरात पोटॅश खत असतेच. तेच थोडे स्टीलच्या ताटलीत पसरून त्यावर गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र, धरायचा. निसर्गातील पोटॅशियममध्ये के-४० हा किरणोत्सर्गी अणू अत्यल्प प्रमाणात असतो, त्यामुळे ताटलीजवळ नेताच काउंटरची टकटक वाढते आणि बाजूला घेतली की मंदावते. तासगावकडच्या एका तरुण टेक्निशियनने ताटलीकडे पाहून ‘हे तर आमच्या गोठ्यात पडलेलं असतं’ असे म्हटले, काउंटर स्वतः हातात घेतला, जवळ-लांब करून पाहिला आणि मग मध्ये स्टीलचे झाकण धरले. अंतर आणि आडोसा हे दोन धडे कोणीही न शिकवता तेथेच झाले. मग द्राक्षे खावीत की नाही, असा प्रश्न निघालाच. तेव्हा आपल्या स्वतःच्या शरीरातील पोटॅशियमपायी दर सेकंदाला सुमारे ४,००० अणूंचे विघटन होत असते आणि निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीरावर पडलेले विकिरण मोजण्याचे एकक) डोस मिळतच असतो, हे सांगता आले. मोजमापावाचून बाळगलेली भीती आणि मोजमापावाचून दाखवलेली बेफिकिरी या दोन्हींवर एवढा स्वस्त उपाय मला दुसरा सापडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या रुग्णालयात टेक्निशियननी आपापले अ‍ॅप्रन तपासून घ्यावेत, अशी सोय केली होती. फ्लुओरोस्कोपीच्या, म्हणजे पडद्यावर चालती एक्स-रे प्रतिमा दाखवणाऱ्या यंत्राच्या, टेबलावर अ‍ॅप्रन पसरायचा, यंत्राची ऑटो ब्राइटनेस (प्रतिमेचा उजेड आपोआप जुळवणारी सोय) बंद ठेवायची आणि पडद्यावर पाहायचे. बाहेरून नवाकोरा दिसणारा एक अ‍ॅप्रन पडद्यावर आला तेव्हा काळ्या पृष्ठभागावर कमरेच्या घडीशी पांढऱ्या रेघा, म्हणजे आतल्या थराच्या भेगा, उमटल्या होत्या, म्हणजे तो खुंटीवर टांगण्याऐवजी रोज घडी घालून खुर्चीवर टाकला जात होता. ज्यांचा तो होता त्या बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला आणि ‘आता साहेबांना दाखवते’ एवढेच म्हणाल्या. अशा तपासणीसाठी शिबिर भरवायला लागते ते परवाना असलेले यंत्र आणि एक रिकामी सकाळ.

मग ते मराठी सत्र. टीएलडी बॅजविषयी, म्हणजे कर्मचाऱ्यावर किती विकिरण पडले हे नोंदवणाऱ्या छातीवरच्या बिल्ल्याविषयी, मी बोलत होतो. त्यातील धातूच्या पट्टीवर डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात, एकीवर धातूचा फिल्टर, दुसरीवर प्लॅस्टिकचा आणि तिसरी उघडी, आणि या तिघींच्या नोंदींतील फरकावरून कोणत्या प्रकारचे विकिरण पडले याचा अंदाज येतो, हे सांगून झाले होते. तेवढ्यात जत तालुक्यातून आलेल्या एका टेक्निशियनने उभे राहून विचारले, ‘सर, आमच्याकडे बॅज कपाटात कुलपात ठेवतात आणि तिमाही संपली की तिथूनच पाठवतात. रिपोर्ट दर वेळी शून्य येतो. मग मी सुरक्षित आहे असं समजायचं का?’ सभागृहात हशा पिकला, पण पाठोपाठ हात वर होऊ लागले. एकाचा बॅज सी-आर्मच्या (शस्त्रक्रियेत वापरायच्या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या) खोलीत टांगलेल्या अ‍ॅप्रनलाच टाचलेला राहिला होता आणि डोस जास्त आल्यावर त्यालाच जाब विचारला गेला होता. शस्त्रक्रियागृहातील एका सिस्टरने सांगितले की, हाडांच्या शस्त्रक्रियेत त्या सी-आर्मच्या सर्वांत जवळ असतात, पण बॅज फक्त सर्जनच्या नावाने आलेला आहे. लहान मुलाचा एक्स-रे काढताना त्याला रोज आपणच धरायचे का, असे आणखी एकीने विचारले. त्याचे उत्तर सोपे होते, कर्मचाऱ्याने धरू नये, नातेवाइकाला अ‍ॅप्रन घालून धरायला सांगावे.

कपाटाच्या प्रश्नाचे उत्तर सोपे नव्हते, पण विकिरण संरक्षणाचे सगळे शास्त्र त्या एका प्रश्नात होते. आपल्याकडे कामगाराच्या डोसची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. एका तिमाहीत १० मिलिसिव्हर्टच्या वर नोंद गेली की चौकशी होते. ही सारी व्यवस्था बॅज माणसाच्या छातीवर, अ‍ॅप्रनच्या आत आहे या एका गृहीतकावर उभी आहे. चकती आपल्यावर पडलेला डोस प्रामाणिकपणे सांगते, पण ती छातीवर होती की कपाटात, हे सांगत नाही. ज्याचा बॅज कुलपात आहे, तो कोणत्याही चौकशीच्या पातळीपर्यंत कधीच पोहोचणार नाही आणि कागदावर जिल्ह्यातील सर्वांत सुरक्षित माणूस ठरेल. मी हे बोलत असताना आमचे ज्येष्ठ सहकारी पहिल्या रांगेतून उठले आणि ‘हे व्यवस्थापनाचे प्रश्न आहेत, विज्ञानाचे नाहीत’ असे म्हणून त्यांनी सत्र आवरते घेण्यास सांगितले. पुढे निघालेल्या स्मरणिकेत प्रमुख पाहुण्यांचे भाषण सविस्तर छापले गेले. टेक्निशियनच्या प्रश्नोत्तरांची मी लिहून दिलेली पाने मात्र ‘जागेअभावी’ वगळण्यात आली.

त्याच परिषदेत डोळ्याच्या भिंगावर एक उत्तम व्याख्यान झाले होते. आयसीआरपीने २०११ मध्ये भिंगाची सुचवलेली वार्षिक मर्यादा १५० वरून सरासरी २० मिलिसिव्हर्टवर आणली, याचा कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रे पाहत हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करतात त्या कक्षात, काय अर्थ होतो, छताला टांगलेली शिशाच्या काचेची ढाल बाजूला सारून काम करणे किती महागात पडते, हे वक्त्यांनी छान मांडले. ते विज्ञान आणि कपाटातला बॅज हे व्यवस्थापन, अशी विभागणी मला मान्य नाही. दोन्हीकडे माणूस, अंतर, आडोसा आणि मोजमाप हेच चार घटक आहेत.

काही गोष्टी राहिल्या. मराठी सत्राचा माझा आग्रह असला तरी शोधनिबंधांचे गोषवारे इंग्रजीतच मागवावे लागतील आणि परराज्यातील प्रतिनिधींसाठी समांतर सत्र ठेवावे लागेल. टेक्निशियनना नोकरी सांभाळायची असते, म्हणून प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्यावेत आणि रुग्णालयांची नावे कोठेही येऊ देऊ नयेत. आमच्याकडे ती माणसे उभी राहून बोलली, पण प्रत्येक ठिकाणी तसे धाडस अपेक्षू नये. प्रात्यक्षिकासाठी किरणोत्सर्गी स्रोत सभागृहात आणण्याचा किंवा पोर्टेबल एक्स-रे यंत्र मंचावर सुरू करण्याचा मोह टाळावा. परवाना दिलेल्या जागेबाहेर त्या गोष्टींना स्थान नाही. परिषद आमच्या भागात घेणार असाल तर जुलै-ऑगस्ट नको. २०१९ चा कृष्णेचा पूर ज्यांनी पाहिला आहे ते या महिन्यांत सांगलीचे सभागृह ठरवत नाहीत. डिसेंबर-जानेवारी चांगला, मुंबईचे वक्ते रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघून सकाळी मिरजेत उतरतात आणि नाश्त्याला वेळेवर हजर असतात.

अंदाजपत्रकाचे नेमके आकडे मी देत नाही, कारण जेवणाचे आणि सभागृहाचे दर गावागावाप्रमाणे बदलतात. पण त्यात जत, आटपाडी, कवठे महांकाळसारख्या ठिकाणाहून येणाऱ्या टेक्निशियन आणि सिस्टर यांच्या एसटी भाड्याचा एक रकाना अवश्य ठेवावा आणि त्यांच्याकडून नोंदणी शुल्क घेऊ नये. समितीत कोणी या खर्चाला हरकत घेतली, तर शाल-श्रीफळाच्या रकान्यावर बोट ठेवावे. रक्कम तेथून निघते.