कोल्हापुरात जुन्या पेट्रोल गाडीसाठी स्वस्तातला ओबीडी स्कॅनर कोणता घ्यावा?

तुमची गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागतो. उद्यमनगरात दाखवली की आधी स्कॅनिंगचे पैसे, मग ‘सेन्सर गेलाय’. म्हणून हजारभर रुपयांत स्वतःचा ओबीडी स्कॅनर (ओबीडी म्हणजे गाडीच्या संगणकाची स्वतःचे बिघाड नोंदवायची सोय) घ्यावा का, असं विचारलंय. शिवाय भावासाठी जुनी गाडीही बघताय. माझं उत्तर: घ्या, नक्की घ्या. पण नुसता कोड, म्हणजे बिघाडाचा नोंदलेला क्रमांक, वाचणारा घेऊ नका. फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणीची इंजिनची नोंद) आणि लाइव्ह डेटा (इंजिन चालू असतानाचे आकडे) दाखवणाराच घ्या. कोडवरून तक्रार कळते, पार्ट कुठला गेला ते या दोन गोष्टींवरून शोधावं लागतं.

गाडीची काळजी नको. आपल्याकडे बीएस-4 (प्रदूषणाचा निकष) गाड्यांना एप्रिल 2010 पासून ओबीडी-1 आणि एप्रिल 2013 पासून ओबीडी-2 सक्तीचं झालं, म्हणजे तुमच्या गाडीत ते बहुतेक असणार. स्टिअरिंगखाली हात घालून बघा, 16 पिनांचं सॉकेट सापडेल. कधी कधी ते फ्यूजच्या झाकणाआड असतं.

आता बाजारात काय मिळतं ते सांगतो. सगळ्यात स्वस्त म्हणजे ‘ईएलएम 327’ लिहिलेले छोटे ब्लूटूथ अडॅप्टर. मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची, ती कंपनी 2022 मध्ये बंद झाली. आज हजाराच्या आत मिळतात त्या जवळपास सगळ्या नकला. गंमत म्हणजे लोक ज्या ‘1.5 व्हर्जन’ची शिफारस करतात, ते मूळ कंपनीनं कधी काढलंच नव्हतं. तरी त्या शिफारशीत तथ्य आहे, कारण ‘2.1’ छापलेल्या बऱ्याच नकलांत काही कमांड आणि जुने प्रोटोकॉल (गाडीशी बोलायच्या पद्धती) गाळलेले असतात. नव्या गाड्या कॅन नावाच्या प्रोटोकॉलवर बोलतात, त्यांच्याशी असल्या नकला जुळतात. पण तुमच्या गाडीच्या काळातल्या काही गाड्या के-लाइन या जुन्या प्रोटोकॉलवर आहेत आणि तिथं त्या गप्प बसतात. म्हणून परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या आणि पहिल्याच दिवशी आपल्याच गाडीला लावून बघा.

मला विचाराल तर थोडे जास्त पैसे घालून व्हीगेटसारख्या कंपनीचा अडॅप्टर घ्यावा. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ चालत नाही, ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला लागतो. मोबाइलवर ‘कार स्कॅनर’ किंवा, अँड्रॉइड असेल तर, ‘टॉर्क’ ॲप पुरेसं आहे. फोनची भानगडच नको असेल तर लाँच, ऑटेल यांचे वायरचे हातात धरायचे रीडर मिळतात. महाग पडतात, पण जोडणीची कटकट नाही.

फ्रीझ फ्रेमवर एवढा भर का देतो, ते एका उदाहरणानं सांगतो. आमच्या शेजाऱ्यांची गाडी पावसाळ्यात वैभववाडीकडून करूळ घाट चढताना झटके द्यायला लागली, दिवा लुकलुकला. गगनबावड्याला पोचून थोडं थांबले, तर गाडी एकदम शहाणी. इथं गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर काहीच कळेना, म्हणून सेन्सर बदलायचा सल्ला मिळाला. आम्ही अडॅप्टर लावला. कोड पी0301, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट पेटत नाही. फ्रीझ फ्रेममध्ये इंजिन तापलेलं, आरपीएम तीन हजाराच्या आसपास आणि लोड ऐंशी टक्क्यांच्या वर. म्हणजे बिघाड चढालाच, जोर पडला की. उभ्या गाडीत तो दिसणार कसा?

मग इंजिन थंड होऊ दिलं, चावी काढली आणि पहिल्या सिलिंडरवरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा पार्ट) तिसऱ्यावर, तिसऱ्याची पहिल्यावर बसवली. एक क्लिप आणि एक बोल्ट, बस्स. कोड पुसला आणि गाडी पन्हाळ्याच्या चढाला नेली. आता कोड आला पी0303. कॉइलबरोबर मिसफायरही तिसऱ्यावर गेला होता, म्हणजे दोषी कॉइलच. कोड पी0301 च राहिला असता तर प्लग, इंजेक्टर, नाहीतर कॉम्प्रेशन बघावं लागलं असतं. नवा पार्ट विकत न घेता निदान झालं. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तरच ही अदलाबदल जमते, ते मात्र आधी बघा.

दिवा लागताच कोड पुसायची घाई करू नका, फ्रीझ फ्रेमही त्याच्याबरोबर पुसली जाते. आधी स्क्रीनशॉट घ्या, मग गॅरेजला जा. चांगला मिस्त्री तो बघून खूश होतो, त्याचंही काम हलकं होतं. आणि दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन तो जळतो, आणि त्याचा खर्च कॉइलच्या कितीतरी पट.

स्वस्त अडॅप्टरकडून एबीएस, एअरबॅगचे कोड मिळतील अशी आशा धरू नका. ती कामं कंपनीच्या किंवा महागड्या स्कॅनरची. काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा. सॉकेटची 16 नंबरची पिन थेट बॅटरीवर असते, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते.

भावासाठी गाडी बघायला जाताना हाच अडॅप्टर खिशात ठेवा. विकणारा आदल्या दिवशी कोड पुसून दिवा घालवू शकतो, पण ॲपमधले रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते दाखवणाऱ्या खुणा) त्याला पुसल्या पुसल्या पूर्ण करता येत नाहीत. बरेच मॉनिटर अपूर्ण असतील आणि ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ दहा-वीस किलोमीटर दाखवत असेल, तर कारण विचारा. बॅटरी बदलल्यानंही असं होतं, तेव्हा लगेच आरोप नको. चार-आठ दिवस गाडी चालवून पुन्हा दाखवायला सांगा. आपल्याकडे 2019 आणि 2021 च्या महापुरात बुडालेल्या गाड्याही विकायला येतात. त्यांच्या वायरिंगला लागलेला गंज कुठल्याही कोडमध्ये दिसेलच असं नाही. म्हणून सीटखालचं कार्पेट उचलून, सीटबेल्ट पूर्ण ओढून आणि सॉकेटच्या पिना टॉर्च मारून स्वतः बघा. पिनांवर हिरवट थर दिसला तर ती गाडी सोडून द्या.