हेडफोनवर गायक ऐकू येतो, मोबाइलच्या स्पीकरवर गायब होतो. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

काही विकत घेऊ नका. गायक फाईलमध्येच आहे. डाव्या-उजव्या दोन चॅनलपैकी एक उलटा रेकॉर्ड झालाय, म्हणजे त्याची लाट वर असते तेव्हा दुसऱ्याची खाली. एकाच स्पीकरचा मोबाइल दोन्ही चॅनल एकत्र (मोनोत) वाजवतो आणि मधला आवाज एकमेकांत मरतो. माझ्या आजीचं हेच झालं होतं.

आमच्या खानदेशात, अमळनेरकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. रात्रभर अहिराणी गाणी. एका वर्षी आजीची गाणी मी दोन माईक लावून स्टिरिओत घेतली. आजी बरोबर मधोमध, ढोलवाला उजव्या माईकला खेटून. हेडफोनवर आजी डोक्याच्या मागून गातेय असं वाटत होतं. तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण मला ते भारी वाटलं. पुढच्या वर्षी मांडवात भोंग्यावर लावलं तर नुसता ढोल. आजी म्हणाली, "भाऊ, ढोल शे, मी कोठे शे?" सगळा मांडव हसला. साऊंडवाला माझाच मामेभाऊ. त्याने सगळ्यांदेखत "माईक चायनाचा आहे" म्हणून निकाल दिला. तो निकाल मी अजून प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकतो.

माईक चांगलाच होता. केबल उघडली तर एका टोकाला 2 आणि 3 नंबरच्या, म्हणजे आवाज नेणाऱ्या, पिनांच्या तारा अदलाबदल सोल्डर केलेल्या. आजी दोन्ही माईकपासून सारखी लांब, म्हणून तीच पुसली गेली. ढोल एकाच माईकजवळचा, तो वाचला. आणि केबल मामेभावाच्या पेटीतली होती.

ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ट्रॅकचे दोन मोनो करा, एकावर इन्व्हर्ट (लाट उलटी करणारा इफेक्ट) द्या, परत जोडा आणि मोनोत ऐका. आवाज भरला की झालं.

तार उलटी असेल तरच हे चालतं, हे आधी सांगायला हवं होतं. एक माईक गायकापासून 34 सेंटीमीटर जास्त लांब असेल तर आवाज साधारण 1 मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि मोनोत 500, 1500, 2500 हर्ट्झला खड्डे पडतात, म्हणजे तेवढे सूर गायब होतात. तिथे इन्व्हर्टचा उपयोग नाही. ट्रॅकचं चित्र झूम करून एक चॅनल लाटा जुळेपर्यंत सरकवावा लागतो, आणि गायक जुळला की ढोल बिघडतो. दोन्ही सुधारत नाहीत.

एकटा गळा असेल तर खरं म्हणजे एकच माईक पुरतो. मामेभाऊही तेव्हा हेच म्हणत होता, पण दुसऱ्या केबलचं भाडं मी दिलं नव्हतं म्हणून.