कॉल नंतर, आधी पाऊस मोज

प्रिय बाई,

(वर्गावर उभी राहिलीस, आता तुला बाईच म्हणायचं.)

केनियातली शाळा जोडीला मिळाली, विषय पाण्याचा ठरला, शनिवारी व्हिडिओ कॉल. छान! पण तो कॉल महिनाभर पुढे ढकल.

माझा पहिला कॉल नेपाळच्या शाळेशी होता. पोरं तेल लावून, चापूनचोपून भांग पाडून बसली. नावं विचारून झाली, जेवायला काय केलंय ते झालं, आणि वीस मिनिटांत दोन्हीकडची मुलं आपापल्या मास्तरांच्या तोंडाकडे बघायला लागली. बोलायला काही नव्हतंच.

पुढच्या वर्षी आधी दोन्हीकडे पर्जन्यमापक बसवले. आमच्या शहाण्यांनी तो कडुलिंबाखाली ठेवला, आणि मीही पाहिलं नाही. आठवडाभर फांद्यांवरून ठिबकलेलं पाणी मोजलं. फोटो बघून तिकडच्या एका मुलीनं विचारलं, "वर झाड आहे का?" वर्गात हशा, मग वादावादी, मग फेरमोजणी. खरी ओळख तिथून झाली.

एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. मुलांनी छप्पर मोजलं, ६० चौरस मीटर. १० मिलिमीटर पडला की ६०० लिटर, आणि आमचं सगळं पन्हाळीतून थेट गटारात! नेपाळची मुलं ते टाकीत साठवत होती. मग प्रश्न विचारा म्हणून कुणाला सांगावं लागलं नाही.

तुझं गणित थोडं वेगळं आहे. आपला पाऊस जून ते सप्टेंबर. केनियात बऱ्याच भागात मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे एकीकडे धो धो, तर दुसरीकडे कोरडं. कोरड्या दिवशी वहीत ० लिहायला लाव. रिकामी चौकट म्हणजे मोजलंच नाही, शून्य म्हणजे मोजलं आणि पडला नाही. मुलं यात हमखास चुकतात. वेळेचं म्हणशील, तर आपले साडेअकरा म्हणजे त्यांचे नऊ.

इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस, आकडे आणि चित्रं पुरतात. हेडमास्तर कुरकुरले तर परितेवाडीचं नाव घे. जिल्हा परिषदेच्या त्या शाळेतल्या डिसले गुरुजींनी भारत-पाकिस्तानची, इस्रायल-पॅलेस्टाइनची मुलं एकमेकांशी जोडली. २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. पुरस्काराचं राहू दे, पण खेड्यातून हे जमतं एवढं हेडमास्तरांना पटेल.

मापक बसवायच्या आधी जागेचा फोटो पाठव. वर झाड आहे का, बघतो.

तुझे सर