वाचक विचारतात : विमान पडले तिथला दगड

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला गेलो असता शेफील्ड शहरातील एंडक्लिफ पार्क या बागेत युद्धकाळात विमान पडून मरण पावलेल्या दहा अमेरिकी सैनिकांच्या स्मरणार्थ बसवलेला एक दगड पाहिला. परदेशच्या माणसांसाठी तिथल्या लोकांनी हे का केले असावे? आणि आपल्या मुंबईत असे काही का दिसत नाही?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपण पाहिलेला दगड १९६९ मध्ये बसवला गेला. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी डेन्मार्कमधील आल्बोर्गवरच्या मोहिमेतून परतणारे, ‘मी आमिगो’ नावाचे अमेरिकी बॉम्बफेकी विमान या बागेच्या झाडीत कोसळले आणि आतील दहाही जण गेले. त्यांच्यासाठी तिथे दहा ओकवृक्ष लावले आहेत. बागेत खेळणाऱ्या मुलांवर विमान पडू नये म्हणून वैमानिकाने ते झाडीकडे वळवले, अशी आठवण शहरात आजही सांगितली जाते. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी, घटनेला ७५ वर्षे झाली त्या दिवशी, विमानांनी या बागेवरून मानवंदना दिली आणि ती पाहण्यासाठी भल्या सकाळी हजारो लोक जमले होते.

परक्यांसाठी हे का, याचे उत्तर मला त्या युद्धाच्या स्वरूपातच दिसते. पायदळातला सैनिक बहुधा दूरच्या रणभूमीवर पडतो; हवाई सैनिक मात्र कोणाच्या तरी शेतात, शाळेजवळ किंवा परसात येऊन पडतो, आणि त्याच्याकडे पहिल्यांदा धावतात ते गावकरी. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे हवाई दलातील बॉम्बफेकी विमानांच्या विभागाचे, ५५,५७३ जण त्या युद्धात मरण पावले. त्यांतील ८,००० हून अधिक शत्रूच्या गोळीने गेले नाहीत, तर प्रशिक्षणात आणि इतर अपघातांत गेले. धुके, बिघडलेले इंजिन, रात्री न दिसलेली टेकडी यांपैकी काहीही पुरेसे असे. असे मरण सरकारी इतिहासात एका ओळीत आटोपते. ज्यांच्या डोळ्यांसमोर ते घडले, त्यांच्या लेखी ती ओळ पुरेशी नसते. अधिकृत दफनभूमी माणसाचे नाव सांभाळते आणि गावातला दगड जागा सांभाळतो, असा हा फरक आहे.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. युद्धकाळात जुहू आणि सांताक्रूझ येथून लष्करी विमाने उडत होती, आणि मुंबईत भारतीय हवाई दलाची किनारा-संरक्षणाची एक तुकडीही होती. तरीही या शहरात हवाई सैनिकांची खूण सहज सापडत नाही, कारण त्यांच्या कबरी इथे ठेवल्याच गेल्या नाहीत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची कायमची निगा राखणे शक्य नव्हते, त्या खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत एकत्र आणल्या गेल्या. तिथे दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ जणांच्या कबरी आहेत. शिवडीच्या दफनभूमीतील पहिल्या महायुद्धातील ६२९ सैनिकांचे अवशेषही जून १९६२ मध्ये तिथेच हलवण्यात आले. म्हणजे मुंबईत मरण पावलेल्या सैनिकाची कबर पाहायची, तर घाट चढून पुण्याला जावे लागते. व्यवस्था म्हणून यात दोष काढता येत नाही, पण कबर हलली की तिच्याशी जोडलेली वस्तीची आठवणही हलते, हे मान्य करावे लागेल.

मुंबईला युद्धमृतांचे स्मरण जमत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांना दरवर्षी मानवंदना दिली जाते आणि देशभरचा अग्निशमन सेवा सप्ताह याच तारखेपासून सुरू होतो. (त्या जहाजावर स्फोटके, कापूस आणि सोन्याच्या विटांबरोबर पेट्यांत भरलेली लढाऊ विमानेही होती.) मशीद बंदरच्या खलाशीगृहातील स्मारकावर पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या २,००० हून अधिक खलाशांचे स्मरण आहे. बंदराच्या शहराने खलाशी आणि अग्निशमन जवान लक्षात ठेवले, ते स्वाभाविकच होते.

प्रश्न : माझ्या आजोबांचे थोरले बंधू हवाई दलात होते आणि १९४४ मध्ये विमान अपघातात गेले, एवढेच घरात माहीत आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यांचे नाव मिळाले नाही. ते कुठे शोधावे?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : ताई, २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उद्घाटन झालेल्या त्या स्मारकावर स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची नावे आहेत, म्हणून १९४४ मधील नाव तिथे मिळणार नाही. आपल्याला दोन्ही महायुद्धांतील ब्रिटिश साम्राज्याच्या मृत सैनिकांच्या कबरी व नोंदी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्ध दफनभूमी आयोगाच्या (इंग्रजीत कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) नोंदी पाहाव्या लागतील. त्या आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

मात्र आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक गोष्ट विचारून घ्या : त्यांचा अंत्यविधी झाला होता की ते बेपत्ता झाले होते? दहन झालेल्या सैनिकांची कबर नसल्यामुळे अविभाजित भारताच्या अशा सैनिकांची नोंद दिल्ली व कराची येथील १९३९–१९४५ च्या युद्ध स्मारकांखाली केली आहे. त्या नोंदीत २५,००० हून अधिक नावे आहेत. ब्रह्मदेश आघाडीवर उड्डाणाला गेले आणि सापडलेच नाहीत असे असेल, तर सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकाकडे वळा. भूदल आणि हवाई दलाच्या २४,००० हून अधिक कबर नसलेल्या मृतांची नावे तिथे कोरली आहेत.

शोधताना आडनावाच्या स्पेलिंगवर फार विसंबू नका. लष्करी कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले, आणि आपली आडनावे त्यात पुष्कळदा ओळखू येत नाहीत. आद्याक्षरे, गाव आणि वडिलांचे नाव यांचा आधार घ्या, कारण अनेक नोंदींत ‘अमक्याचा मुलगा, मुंबई’ असा उल्लेख असतो. भारतीय हवाई दलाला ‘रॉयल’ हे बिरुद मार्च १९४५ मध्ये मिळाले; आपल्याला हवी असलेली नोंद त्याआधीची आहे, तरी दलाचे नाव दोन्ही प्रकारे घालून पाहावे.

मुंबईचेच एक उदाहरण सांगतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांत श्रीकृष्ण वेलिणकर हे मुंबईकर होते. जून १९१८ मध्ये ते फ्रान्समध्ये गस्तीवर गेले आणि परतले नाहीत. सोम प्रांतातील हांगार या खेड्याच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. तिथल्या कबरींवर दलाचे चिन्ह, हुद्दा, नाव आणि तारीख अशी ठरावीक मांडणी असते. खालची एक ओळ तेवढी कुटुंबाने निवडायची, आणि तीही मधल्या मोकळ्या जागा धरून ६६ अक्षरांत. मुलगा सातासमुद्रापलीकडे पुरलेला आणि कागदावर अक्षरे मोजत बसलेले घरचे लोक, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

प्रश्न : युद्धाच्या काळात आमच्या भागात एक विमान पडले होते, असे जुनी मंडळी सांगतात. आमच्या मंडळाला तिथे फलक लावायचा आहे. काय करावे? एका घरात त्या विमानाचा म्हणून पत्र्याचा तुकडाही आहे.
— मंडळाचे एक कार्यकर्ते, सांताक्रूझ

उत्तर : फलकाची ऑर्डर एवढ्यात देऊ नका. आधी तारीख पक्की करा. काळा घोडा येथील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आणि एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय इथून सुरुवात करता येईल. वर्तमानपत्रे चाळताना युद्धकाळातील सेन्सॉरशिप ध्यानात ठेवा : गोदीच्या स्फोटासारखी, सबंध शहराने ऐकलेली घटनाही बातमीदारांना सविस्तर कळवता आली ती थेट मे महिन्यात. त्यामुळे विमान पडल्याची बातमी त्या आठवड्याच्या अंकात न मिळणे म्हणजे ते पडले नाही असे नव्हे. तारीख आणि स्क्वाड्रनचा (हवाई दलाच्या तुकडीचा) क्रमांक हाती आला, तर लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात त्या स्क्वाड्रनची दैनंदिन नोंदवही पाहता येते. कोणते विमान, आत कोण, कशासाठी उडाले, हे तिच्यात सापडण्याचा संभव असतो.

फलकावर सर्वांची नावे हवीत, फक्त वैमानिकाचे नको. विमानात नेव्हिगेटर, रेडिओ ऑपरेटर आणि गनरही असत. एकाच विमानातील माणसे वेगवेगळी ओळखता आली नाहीत, तर त्यांना एकत्र पुरून त्यांचे दगड एकमेकांना चिकटवून उभे करण्याची दफनभूमींत पद्धत आहे. आपण त्यातले एकच नाव वेगळे काढणे बरे दिसणार नाही. ‘शूर’, ‘अमर’ ही विशेषणे टाळता आली तर टाळा, वय लिहा.

पत्र्याच्या तुकड्याविषयी : ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्यानुसार पडलेल्या लष्करी विमानाच्या अवशेषांना परवान्याशिवाय हात लावता येत नाही, कारण त्यात मानवी अवशेष असू शकतात. आपल्याकडे अरुणाचलच्या डोंगरांत अमेरिकी विमानांचे अवशेष अजून सापडतात आणि तिथून माणसांचे अवशेष मायदेशी पाठवलेही गेले आहेत. आपल्याकडचा तुकडा घासूनपुसून चकचकीत करू नका. त्यावर एखादा ठोकलेला क्रमांक असेल तर तिरप्या उजेडात त्याचे छायाचित्र घ्या, कारण विमान ओळखायला तोच उपयोगी पडेल. आणि ज्यांच्या घरी तो आहे त्यांनी तो कुठून, कोणाकडून आणला, हे त्यांच्याच शब्दांत आजच लिहून घ्या.