पुण्यात राहून चीड-देवदारांवर संशोधन करता येईल का?

वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. झाल्यावर पुणे न सोडता पाइन कुळातील वृक्षांवर संशोधन करता येईल का आणि त्यांच्या खोडांतील वलयांवरून मोसमी पावसाचा जुना इतिहास कळेल का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. दुसऱ्याचे मात्र बरेचसे नाही असेच द्यावे लागेल. विद्यार्थिदशेत मी काही महिने देवदाराच्या नमुन्यांवर काम केले होते, त्या आधारावर हे लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करतो. नाताळात पुण्याच्या रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारे झाड बहुधा अरौकेरिया असते आणि बंगल्याच्या फाटकाशी लावलेली मोरपंखी सायप्रसच्या कुळातली; ही दोन्ही झाडे सूचिपर्णी गटातली असली तरी पाइन कुळातली नव्हेत. कोकण किनाऱ्यावरचा सुरू तर चक्क सपुष्प वनस्पती आहे. पाइन कुळातील आपले महत्त्वाचे वृक्ष, म्हणजे देवदार, चीड, कैल, चिलगोजा, स्प्रूस आणि फर, हिमालयात वाढतात. तरीही त्यांच्या वलयांवरचे भारतातील महत्त्वाचे काम पुण्यात झाले, कारण पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत या विषयाची प्रयोगशाळा उभी राहिली.

झाड तोडावे लागत नाही. पोकळ गिरमिटाने खोडातून सुमारे ५ मिलिमीटर जाडीची लाकडाची कांडी काढतात. राळ पाझरून जखम भरते. वनखात्याची परवानगी आणि हिमालयातील मुक्काम यांत दोन-तीन आठवडे जातात, पण त्यानंतरचे काम महिनोन्महिने सूक्ष्मदर्शकापाशी चालते आणि ते पुण्यात बसून करता येते.

वलये मोजणे म्हणजे संशोधन, अशी माझीही सुरुवातीला समजूत होती. पहिल्याच कांडीवर मी मोठ्या हौसेने सालापासून गाभ्यापर्यंत वर्षे टाकत गेलो आणि दुसऱ्या झाडाशी ताडून पाहिले, तेव्हा एका ठिकाणापासून पुढची सगळी वर्षे एकेकाने चुकलेली निघाली. फार कोरड्या वर्षी खोडाच्या खालच्या भागात वलय तयारच होत नाही, तर कधी हंगामाच्या मध्ये वाढ खुंटून पुन्हा सुरू झाल्याने एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. म्हणून एकाच परिसरातील अनेक झाडांमधील अरुंद-रुंद वलयांचा क्रम परस्परांशी जुळवून प्रत्येक वलयाचे वर्ष निश्चित करावे लागते. शिवाय कोवळ्या झाडाची वलये मुळातच रुंद असतात. वयाचा हा परिणाम गणिताने काढून टाकल्याखेरीज हवामानाविषयी काहीही म्हणता येत नाही.

आता पावसाविषयी. याच संस्थेतील पंत, रूपाकुमार आणि बोरगावकर या शास्त्रज्ञांनी पश्चिम हिमालयातील देवदारावर केलेले काम १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील वलयांची रुंदी मुख्यतः मोसमी पावसापूर्वीच्या, म्हणजे वसंत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या महिन्यांशी निगडित आढळते: त्या काळात पाऊस झाला तर वलय रुंद होते, आणि उष्मा वाढला तर बाष्पीभवनाने मातीतील ओल घटून ते अरुंद होते. जून उजाडेपर्यंत झाडाच्या त्या वर्षीच्या वाढीचा बराचसा निकाल लागलेला असतो. त्यामुळे देवदाराला जुलै-ऑगस्टचा पाऊस विचारणे मला प्रश्नाची निवड चुकल्यासारखे वाटते. तो प्रश्न सागाला विचारावा; याच पुण्याच्या संस्थेने केरळमधील सागाच्या ५२३ वर्षांच्या वलयमालिकेतून मोसमी अवर्षण आणि एल निनो यांचा संबंध तपासला आहे. देवदाराकडे जायचे असेल तर प्रबंधाचा विषय वसंतातील ओलावा किंवा हिमनद्यांच्या आसपासच्या झाडांवरील तापमानवाढीचा परिणाम असा ठेवावा.

आपला कल जनुकशास्त्राकडे असेल, तर पाइन कुळाचा जनुकसंच अफाट मोठा असतो एवढे ध्यानात ठेवावे. २०१३ मध्ये वाचल्या गेलेल्या नॉर्वे स्प्रूसचा जनुकसंच डीएनएच्या सुमारे २० अब्ज अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या सहापट आहे, आणि त्यातील मोठा भाग पुनरावृत्तीचाच आहे. अशा कामाला संगणकाची भरपूर क्षमता लागते.

प्रवेशापूर्वी या कामाची आवड जोखायची असल्यास भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून ‘देवदारी’ खोक्याची एखादी फळी आणावी. तिचा आडवा छेद जाड ते बारीक पॉलिश पेपरने क्रमाने घासून दहापट भिंगाखाली पाहावा. वलयांच्या गडद भागात राळनलिकांचे विखुरलेले ठिपके दिसले, तर ते लाकूड पाइनचे असण्याची शक्यता बरीच आहे. खऱ्या देवदारात अशा नलिका एरवी नसतात, जखम झाली तरच त्या ओळीने तयार होतात. मी आणलेल्या तीन फळ्यांपैकी एकही देवदाराची नव्हती.