इंजिनिअरिंगच्या कॅप फेऱ्यांचा (राज्याची केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया) ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

नागपूरचं व्हीएनआयटी कॅपच्या कॉलेज-यादीत शोधू नको. तिथले प्रवेश जेईई मेनवर, जोसा या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून होतात. बाकी कॉलेजांचा मागच्या वर्षीचा कटऑफ काढ, पण ब्रांचनिहाय आणि तुझ्याच प्रवर्गाचा. ओबीसीत असशील तर नॉन-क्रिमीलेयर दाखला आत्ताच काढायला टाक.

पसंतीक्रम मनासारखा लाव. भीतीपोटी नावडती ब्रांच एक नंबरला टाकली की फसलास: पहिल्याच फेरीत ती मिळाली तर आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते, पुढच्या फेऱ्या बंद!

नागपुरातल्या हिंगणा रोडची कॉलेजं वर्ग चालू असताना बघ. लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो, पुढे ऑटो. प्लेसमेंटचं पोस्टर राहू दे. कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या पोरांना विचार, प्रॅक्टिकल स्वतःच्या हाताने करायला मिळतं की नुसती जर्नलं उतरवता?

प्रवेशानंतर पहिल्या सेमिस्टरला गणिताचा बॅकलॉग तेवढा टाळ. क्लब एकच धर.